सार्डिनिया, मार्सेलिस की क्रीट? कड्यांआडच्या तीन किनाऱ्यांपैकी एक निवडताना

युरोपच्या सहलीत समुद्रकिनारा बहुधा सगळ्यात शेवटी ठरतो. रोम, पॅरिस, अथेन्स पक्कं होतं, मधे तीन-चार दिवस मोकळे राहतात आणि मग घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं: पांढराशुभ्र कडा, पायथ्याशी हिरवंनिळं पाणी आणि माणूस औषधालाही नाही. ‘आपण इथे जाऊ.’ बेत चांगलाच असतो. फक्त फोटोत दोन गोष्टी दिसत नाहीत. तिथे पोहोचायचं कसं ही एक, आणि भर दुपारी बाटलीतलं पाणी संपलेलं असताना तिथून वर यायचं कसं, ही दुसरी.

भूमध्य समुद्राकाठच्या अशा तीन जागा इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. इटलीच्या सार्डिनिया बेटावरची काला गोलोरित्झे, फ्रान्समध्ये मार्सेलिस शहराच्या हद्दीतच असलेली सुजितों आणि ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण काठावरचं ग्लिका नेरा. तिन्ही चुनखडीच्या डोंगरांत आहेत, तिन्हींना गाडीरस्ता नाही आणि तिन्हीकडे राहायला खोली मिळत नाही. पण त्या मोकळ्या राहिल्या आहेत त्या वेगवेगळ्या कारणांनी. गोलोरित्झेला तिकीट लागतं, सुजितोंला आगाऊ नोंदणी आणि ग्लिका नेरा निव्वळ आडवाटेमुळे वाचलंय. पाण्याच्या रंगावरून निवड करायला गेलात तर फसाल, कारण रंगात तिन्ही सारख्याच देखण्या आहेत. कोणती मानवेल ते या राखणीवरून ठरतं.

माझा कल आधीच सांगून टाकते. आई-वडील आणि मुलं अशा तीन पिढ्या बरोबर असतील तर क्रीट. नेहमी ट्रेक करणारे दोघं-चौघं असाल आणि गाडी चालवायची तयारी असेल तर सार्डिनिया. शहर सोडायचं नसेल आणि हाताशी एकच दिवस असेल तर मार्सेलिस, तेही जुलै-ऑगस्ट वगळून.

तिकीट, नोंदणी आणि आडवाट

गोलोरित्झेचा किनारा वयाने तसा तरुणच. १९६२ साली इथला कडा ढासळला आणि त्या दरडीतून पांढऱ्या गोट्यांचा हा छोटासा पट्टा तयार झाला. एका अंगाला समुद्रात उतरलेली दगडी कमान आणि डोक्यावर १४३ मीटर उंचीचा, टोकदार, एकटा उभा असलेला सुळका. त्याला तिथे अगुल्या म्हणतात आणि प्रस्तरारोहण करणारे त्याच्यासाठी लांबून लांबून येतात. १९९०च्या दशकात या जागेला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. जागा बाउनेई या डोंगरी गावाच्या हद्दीत येते आणि गावाने ती घट्ट धरून ठेवली आहे. दिवसाला २५० माणसं, त्यापुढे कुणी नाही. अलीकडे माणशी सातेक युरो तिकीट आहे आणि ॲपवरून निदान ७२ तास आधी नोंदणी करावी लागते. बोटीने गेलात तर किनाऱ्यावर उतरवत नाहीत. ठरलेल्या अंतराबाहेर बोट थांबते, तिथून पाहायचं आणि पुढे निघायचं. २०२५ मध्ये जगातल्या पन्नास सर्वोत्तम किनाऱ्यांच्या एका गाजलेल्या यादीत गोलोरित्झे पहिली आली, त्यामुळे तिकिटांची ओढाताण आणखी वाढली आहे. ‘बघू, तिथे गेल्यावर ठरवू’ हे इथे चालत नाही.

पैसे देऊन रिकामा किनारा पाहायचा, हे काहींना खटकतं. मला खटकत नाही. त्या पैशांतून वाटेवर माणसं ठेवली जातात, मोजणी होते, कचरा खाली राहत नाही. आपल्याकडच्या धबधब्यांची पावसाळी शनिवार-रविवारची अवस्था ज्याने पाहिली आहे, त्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

सुजितोंची गोष्ट जास्त बोलकी आहे. मार्सेलिसपासून कासीच्या पुढपर्यंत चुनखडीच्या डोंगरांत समुद्र आत शिरून अरुंद खाचा झाल्या आहेत, त्यांना कालांक म्हणतात. २०१२ साली या पट्ट्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. पण राजधानीतून वेगवान गाडीने सव्वातीन तासांवर आणि एका मोठ्या शहराच्या बसथांब्यापासून चालत जाता येईल असं राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. सुजितोंच्या चिमुकल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत लोक उतरू लागले. नुकसान कचऱ्याने झालं त्यापेक्षा पायांनी जास्त झालं. पाइनची मुळं उघडी पडून वाटेवर पायऱ्यांसारखी वर आलेली दिसतात, त्यांच्या भोवतीची माती निघून गेलेली असते आणि खडकच शिल्लक राहतो. मोठी झाडं अजून उभी आहेत, पण त्यांच्या सावलीत नवं रोप धरत नाही, कारण धरायला मातीच नाही. म्हणून २०२२ पासून ऐन उन्हाळ्यात रोज आणि आगेमागे काही शनिवार-रविवारी फक्त ४०० जणांना सोडतात. नोंदणी ऑनलाइन, फुकट, पण सक्तीची. क्यूआर कोड नसताना सापडलात तर ६८ युरो दंड.

त्यावर आणखी एक अडसर आहे आणि बाहेरून जाणाऱ्याचा बेत बहुतेक तोच मोडतो: वणवा. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वारा आणि कोरडेपणा पाहून उद्यानात प्रवेश द्यायचा की नाही हे रोज ठरतं आणि आदल्या संध्याकाळी जाहीर होतं. दिवस लाल ठरला तर हातात नोंदणी असूनही वाट बंद. म्हणजे हॉटेल घेतलं, रेल्वेचं तिकीट काढलं, नोंदणी मिळाली आणि आदल्या संध्याकाळी कळलं की उद्या नाही. सुजितोंसाठी एक दिवस ठेवायचा असेल तर दुसरा राखीव ठेवा, नाहीतर आशा धरू नका.

ग्लिका नेराला यांतलं काही नाही. तिकीट नाही, ॲप नाही, कुणी मोजत नाही. क्रीटच्या दक्षिणेला स्फाकिया नावाचा खडबडीत मुलूख आहे. तिथे डोंगर थेट लिबियाच्या समुद्रात उतरतात आणि किनाऱ्यालगत रस्ता काढायला जागाच उरत नाही. शेजारचं लुत्रो हे पांढऱ्या-निळ्या घरांचं गावसुद्धा आजतागायत बोटीवर किंवा पायवाटेवर जगतं. होरा स्फाकियोन हे बंदराचं गाव आणि लुत्रो यांच्या मधे कड्याखाली ग्लिका नेरा. किती माणसं येणार हे बोटींच्या फेऱ्या ठरवतात. ऑगस्टमध्ये दुपारी गर्दी असते, खोटं कशाला बोला. पण संध्याकाळची बोट गेली की किनारा अर्ध्या तासात रिकामा होतो.

वाट, आणि मुख्य म्हणजे परतीची वाट

गोलोरित्झेला जायचं तर बाउनेईहून गाडीने वर गोल्गोच्या पठारावर यायचं. घाट तीव्र आहे आणि पठारावरच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा कच्चा. सू पोर्तेद्दू या ठिकाणी गाडी ठेवून पायवाट सुरू होते. साडेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर आणि ४७० मीटरच्या घरातला उतार. सुरुवातीला किंचित चढून मग दरीत उतरायचं. वाट फार सुंदर आहे. होल्म ओकची जुनी, वेडीवाकडी झाडं, मधे जुनिपरच्या लाकडांनी शाकारलेली धनगरांची दगडी खोपटी, वाटेत आडवी येणारी बकरी. पठारावर मोकळी सोडलेली डुकरं आणि गाढवं फिरतात आणि डबा उघडला की हक्काने जवळ येतात.

सिंहगड पायथ्यापासून चढणाऱ्याला हा चढ अंगावर येणार नाही, उलट थोडा कमीच आहे. फरक एवढाच की सिंहगडावर चढ आधी आणि पिठलं-भाकरी नंतर असते, इथे उलटं. पोहून थकलेले पाय, खारट अंग, तापलेला चुनखडीचा खडक, आणि मग चढ सुरू. उतरायला तास-सव्वा तास पुरतो, वर यायला दीड-दोन तास धरा. शिवाय किनाऱ्यावर संध्याकाळपर्यंत थांबू देत नाहीत, दुपार कलताना निघावंच लागतं, म्हणजे चढ उन्हातच. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःला फसवू नये. बाकी सगळ्यांनी चांगल्या तळव्याचे बूट घालावेत. सपाता पिशवीत असू द्या, वाटेवर नकोत.

सुजितोंला लुमिनीच्या विद्यापीठ परिसरापासून निघायचं. तिथपर्यंत शहराची बस जाते. तासाभराची वाट, बरीचशी रुंद आणि ठळक, शेवटचा उतार खडकाळ. खिंडीत आलं की खाली समुद्रात लढाऊ नौकेच्या आकाराचा एक खडक दिसतो, त्याचं नावही तसंच, तोर्पियर. चढ-उतार गोलोरित्झेच्या निम्म्यानेही नसेल. नेहमी चालणाऱ्या साठीतल्या माणसाला सहज जमेल. मात्र सावली तुटक आहे आणि उद्यानात कुठेही पिण्याच्या पाण्याचा नळ नाही.

ग्लिका नेराला दोन पर्याय आहेत आणि म्हणूनच मी घरच्यांसाठी त्याच्या बाजूची आहे. हंगामात होरा स्फाकियोन आणि लुत्रोहून छोट्या बोटी किनाऱ्याला लागतात. चालायचं असेल तर दोन्ही गावांपासून तास-सव्वा तासाची पायवाट, युरोपभर जाणाऱ्या ई-फोर या लांब पल्ल्याच्या वाटेचाच एक तुकडा. पिवळ्या-काळ्या खुणा शोधत जायचं. होरा स्फाकियोनकडून येताना वाट एके ठिकाणी कड्याच्या अंगात कोरल्यासारखी अरुंद होते आणि एका हाताला सरळ खाली समुद्र. उंचीची भीती असणाऱ्याने तिथे हट्ट करू नये. लहान मुलांना या बाजूने नेऊ नका. चांगला बेत असा: तरुण मंडळींनी चालत यावं, बाकीच्यांनी बोटीने आणि परतताना सगळ्यांनी बोट धरावी.

बोटीचा भरवसा वाऱ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वाहतो तेव्हा दक्षिण किनारा डोंगराआड शांत वाटतो, पण मधेच डोंगरावरून झोत कोसळतात आणि छोट्या बोटी बंद होतात. सकाळी उतरवलं म्हणजे संध्याकाळी नेतीलच असं नाही. म्हणून पायवाटेचे बूट बोटीने जाणाऱ्यानेही बरोबर ठेवावेत.

पाण्यात उतरल्यावर

कोकणच्या किनाऱ्यांवर वाढलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं ते भरती-ओहोटीमुळे. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी अगदी नाममात्र असते. ओल्या वाळूचा लांबरुंद पट्टा नाही, घोट्याएवढ्या पाण्यातून लांबवर चालत जाणं नाही. आणि या तिन्ही जागी वाळू नाहीच म्हटलं तरी चालेल, गोटे किंवा सपाट खडक. चार पावलांत पाणी कमरेला आणि आणखी थोड्या पावलांत पाय टेकत नाहीत. पोहायला येत नसेल तर ‘काठाकाठाने डुंबू’ हा बेत गोलोरित्झेला फारसा जमत नाही. ग्लिका नेराचा किनारा लांब असल्याने काठाशी बसून लाटा अंगावर घ्यायला जागा मिळते. सुजितोंला तर अनेक जण खडकावरूनच पाण्यात उतरतात. जीवरक्षक असेल या भरवशावर कुठेच राहू नका. युरोपभर आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, पण कड्याखाली फोनची रेंज मिळेलच असं नाही.

रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्याच. खडकांना सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात आणि काटा तळव्यात मोडला की उरलेली सहल लंगडत होते. वसंतात किनाऱ्यावर तपकिरी पात्यांचे ढीग पडलेले दिसले तर नाक मुरडू नका. ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत. हेच गवत तळाची वाळू धरून ठेवतं, हिवाळी लाटांपासून किनारा वाचवतं आणि पाणी नितळ राहण्यातही त्याचा वाटा मोठा आहे.

पाण्याच्या ऊबेत मात्र तिघांत जमीन-अस्मानाचा फरक. मार्सेलिसला मिस्त्राल नावाचा वायव्येचा जोरदार वारा सुटला की तो वरचं कोमट पाणी बाहेर ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. भर ऑगस्टमध्ये २४-२५ अंशांचं पाणी एक-दोन दिवसांत १६-१७ अंशांवर येऊ शकतं. बाहेर अंग भाजतंय आणि पाण्यात दात वाजतायत, असा प्रकार. गोलोरित्झेला समुद्र उन्हाळ्यात उबदार असतो, पण गोट्यांखालून गोड्या पाण्याचे झरे समुद्रात मिसळतात, त्यामुळे पोहताना मधेच एक गार पट्टा अंगावरून जातो. क्रीटचं दक्षिण पाणी सगळ्यात दयाळू. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत आपल्यासारख्या थंडीला घाबरणाऱ्यांनाही उतरता येतं.

ग्लिका नेरा म्हणजे गोडं पाणी आणि ते नावापुरतं नाही. मागचे लेफ्का ओरी हे पांढरे डोंगर २,४०० मीटरच्या वर जातात. हिवाळ्यातलं बर्फ वितळून चुनखडीच्या भेगांतून खाली झिरपतं आणि थेट या किनाऱ्यावर, समुद्रापासून काही पावलांवर, गोट्यांखालून बाहेर येतं. हाताने गोटे बाजूला सारायचे, कोपरभर खड्डा केला की तळाशी आधी गढूळसं पाणी दिसतं, मग ते हळूहळू निवळतं आणि ओंजळ भरेल इतकं थंडगार पाणी साचतं. काही जागी आधीच्या लोकांनी दगड रचून केलेली छोटी कुंडं तयारच असतात, त्यांतून बाटली बुडवून भरून घ्यावी. खारट लाट दोन हातांवर फुटत असते आणि हातातलं पाणी गोड. हे पाहायला मुलं तासभर खड्डे करत बसतात, वेगळी करमणूक लागत नाही.

सावली, जेवण आणि इतर अडचणी

गोलोरित्झेचा किनारा सकाळी उन्हात असतो आणि मागच्या कड्यामुळे दुपारनंतर सावलीत जाऊ लागतो. सुजितोंला पाइनची थोडी सावली आहे, तीही लवकर येणाऱ्यांची. ग्लिका नेराला खवल्यांसारख्या बारीक पानांची तामारिस्कची काही झाडं आहेत. कड्याच्या अगदी पोटाशी मात्र अंथरी पसरू नका. सावलीच्या मोहाने लोक तिथेच बसतात आणि दगड सुटतात तेही तिथेच. हा इशारा तिन्ही ठिकाणी लागू आहे.

खाण्यापिण्यात गोलोरित्झे आणि सुजितों एका रांगेत: खाली काहीही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. सुजितोंच्या वाटेवर धूम्रपान आणि आग पूर्ण बंद आहे, तेव्हा छोट्या स्टोव्हवर मॅगी करायचा विचारही नको. ग्लिका नेराला एका टोकाशी, पाण्यातल्या खडकावर, हंगामात टपरीवजा टॅव्हर्ना चालतो. ‘मग हा अस्पर्श किनारा कसा?’ असं कुणी विचारेल. बरोबर आहे, काटेकोर बोलायचं तर नाही. पण सासूबाईंना गार लिंबूपाणी आणि बसायला खुर्ची मिळते तेव्हा हा वाद कुणी घालत नाही.

स्वच्छतागृहाचं लोक विचारत नाहीत आणि मग तिथे पोहोचल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. गोलोरित्झेसाठी वर गाडीतळाशी, सुजितोंसाठी निघण्याआधी शहरात, ग्लिका नेरासाठी गावातच उरकून घ्या.

ग्लिका नेराबद्दल आणखी एक आधीच सांगितलेलं बरं. तिथे विवस्त्र पोहणं-पहुडणं अनेक वर्षांपासून चालत आलं आहे आणि कुणी त्याकडे वळून बघत नाही. तंबूही दिसतात, जरी ग्रीसमध्ये कुठेही तंबू ठोकायला कायद्याने परवानगी नाही. आई-वडिलांना नेणार असाल तर बोटीत बसायच्या आधी कानावर घाला. बोट लागते त्या भागात सहसा कुटुंबंच असतात, आणि वडील मंडळी आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त सहज घेतात.

शाकाहाऱ्यांसाठी क्रमवारी सोपी आहे. क्रीट बिनविरोध पहिलं. उकडलेल्या रानभाज्या, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भेंडी-वांगी-घेवड्याच्या भाज्या, टोमॅटो आणि चीज घातलेले दाकोसचे टोस्ट, आणि स्फाकियाची खास पिता: मिझिथ्रा चीज भरून लाटलेली, तव्यावर भाजलेली, वरून मध. सार्डिनियाच्या त्या भागात कुलुर्जोनेस मिळतात, बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिन्याचं सारण भरलेले, कडेला गव्हाच्या ओंबीसारखी नाजूक मुरड. काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी वापरतात, तेव्हा ‘स्त्रुत्तो’ आहे का हे विचारून घ्या. मार्सेलिसमध्ये हरभऱ्याच्या पिठाची तळलेली पानिस शोधा, बेसनाच्या वड्यांवर वाढलेल्या जिभेला ती लगेच ओळखीची वाटते.

सार्डिनियाहून आठवण म्हणून गोटा, शिंपला किंवा वाळू आणू नका. २०१७ पासून त्यावर ५०० ते ३,००० युरो दंड आहे आणि विमानतळावर सामानातून अशा गोष्टी काढून घेतात.

कसं जायचं, कधी जायचं

मार्सेलिस सगळ्यात सोपं. पॅरिसहून रेल्वे, मग शहरातली बस, गाडी चालवायची गरज नाही. शिवाय लाल दिवसाने बेत बुडाला तरी शहर हाताशी असतं. कालांकच्याच एका कड्यात समुद्राखाली ३७ मीटरवर तोंड असलेली कोस्केर गुहा आहे. आत हिमयुगातल्या माणसांनी काढलेली घोड्यांची आणि पाणपक्ष्यांची चित्रं आणि हातांचे ठसे आहेत, कारण तेव्हा समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता आणि गुहा कोरड्या जमिनीवर होती. खरी गुहा पाहता येत नाही, पण २०२२ पासून तिची हुबेहूब प्रतिकृती बंदराजवळ पाहता येते. आणि मराठी माणूस मार्सेलिसच्या बंदरावर उभा राहिला की ८ जुलै १९१० आठवणारच. मोरिया बोटीतून सावरकरांनी उडी घेतली ती इथल्याच पाण्यात.

क्रीटला अथेन्सहून तिथल्या हानिया शहराचं विमान किंवा अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रभराची बोट, मग हानिया ते होरा स्फाकियोन बस. हानियाहून सकाळी निघून संध्याकाळी परत हा प्रकार शक्य आहे, पण करू नका. लुत्रोत दोन रात्री घ्या, कारण ग्लिका नेराची खरी मजा पहिली बोट येण्याआधी आणि शेवटची गेल्यानंतर आहे.

सार्डिनिया सगळ्यात कष्टाचं. ओल्बिया किंवा काल्यारीला उतरून दोन-अडीच तासांची डोंगरी ड्रायव्हिंग, उजव्या बाजूने. गाडी भाड्याने घेताना आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. राहायला बाउनेई किंवा खाली किनाऱ्यावरचं सांता मारिया नवारेझे. एका किनाऱ्यासाठी एवढा खटाटोप? फक्त गोलोरित्झे पाहून परतणार असाल तर नको. पण चार दिवस दिलेत तर शेजारचे किनारे बोटीने, गोल्गोचं २७० मीटर खोल विवर आणि पठार हे सगळं मिळून तिघांतला सर्वांत भरगच्च भाग हाच.

महिन्यांचं गणित आपल्या सुट्ट्यांशी जुळवून पाहा. मे महिन्याच्या सुट्टीत हवा चालायला उत्तम, डोंगर फुलांनी भरलेले, पण समुद्र अजून गार. मार्सेलिसला तर फक्त चालायचं असंच धरा, पोहणं बोनस. गणपतीनंतरचा सप्टेंबर तिन्ही जागांना सगळ्यात चांगला. दिवाळी ऑक्टोबरमध्ये येत असेल तर एकच उत्तर, क्रीट. नोव्हेंबरात आली तर तिथल्याही छोट्या बोटी बंद होऊ लागलेल्या असतात.

आणि अल्बेनिया?

स्वस्त पर्याय म्हणून हल्ली अल्बेनियाच्या ज्यिपे किनाऱ्याचं नाव बरंच ऐकू येतं. धेर्मी आणि वुनो गावांच्या मधे, एका घळीच्या तोंडाशी. गाडी वर ठेवून अर्ध्या तासाची पायपीट. सुंदर आहे आणि खर्च बाकीच्या तिघांपेक्षा कमी. मी त्याला मुख्य तुलनेत घेतलं नाही, कारण ‘काहीच नसलेला’ म्हणावं असं तिथे फार दिवस राहील असं वाटत नाही. खाली तंबूंची छावणी आणि बार आधीच आहेत, २०२४ मध्ये ल्योगाराचा बोगदा सुरू झाल्याने घाट टळला आणि त्या किनारपट्टीवर बांधकाम जोरात आहे. जायचं असेल तर मे किंवा ऑक्टोबरात जा.

व्हिसाची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही. एकदा वापरलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसावर भारतीय पासपोर्टधारकांना तिथे सहसा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी त्यांच्या दूतावासाचे चालू नियम पाहून घ्या. ग्रीसच्या कोर्फू बेटाहून अल्बेनियाच्या सारांदाला फेरी घेऊन जाणं सोपं आहे. पण व्हिसा सिंगल एंट्री असेल तर त्याच फेरीने परत ग्रीसमध्ये शिरू देणार नाहीत, आणि मुंबईचं विमान अथेन्सहून असतं.